सात पॉइंट नकोत, एक तळं पुरे

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे घराघरांत तीच बोलणी सुरू होतात. नैनिताल, मसुरी, हरिद्वार, आठ दिवस, माणशी इतके, चहा-नाश्त्यासकट. त्यात नैनितालच्या वाट्याला येतो दीड दिवस. त्या दीड दिवसात तासभर नावेत बसायचं, टॅक्सीने सात पॉइंट उरकायचे, मॉल रोडवर मेणबत्त्या आणि शाली घ्यायच्या आणि पहाटे बॅगा भरायच्या. मीही पहिल्या खेपेला असाच गेलो होतो. आज त्यातलं काय आठवतं म्हणाल तर टॅक्सीची काच, ‘पंधरा मिनटं हां’ म्हणणारा ड्रायव्हर, आणि स्नो व्ह्यूवर दुर्बिणीला डोळा लावल्यावर दिसलेलं पांढुरकं धुरकट आभाळ. डोंगर कुठे आहेत विचारलं तर दुर्बीणवाला म्हणाला, आहेत तिकडेच, आज दिसत नाहीत.

पुढे नोव्हेंबरात पुन्हा गेलो तेव्हा कळलं की तो खोटं बोलत नव्हता. म्हणून हे लिहितोय. जायचं ठरलं असेल तर जरूर जा, पण तारीख बदला आणि मुक्काम वाढवा. बाकीचं पुढे सांगतो.

मे-जूनमध्ये कुमाऊंच्या, म्हणजे नैनितालच्या भागातल्या, डोंगरांवर धुरकं असतं. खालच्या मैदानातली धूळ वर चढते, आणि उन्हाळ्यात चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलांना वणवे लागतात. चीडच्या वाळक्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. त्यांचा जमिनीवर थर साचतो आणि ठिणगी पडली की तो भरभर पेटत जातो. या धुरामागे नंदादेवी आहे, 7,816 मीटर उंच, आणि शेजारी 7,120 मीटरचं त्रिशूल. ऑक्टोबर सरता सरता हवा धुतल्यासारखी होते आणि सकाळी सात-आठला ही शिखरं साध्या डोळ्यांना दिसतात. दुर्बिणीवर पैसे घालवायची गरज उरत नाही. आपल्या मुलांना दिवाळीची सुट्टी असतेच. एक वर्ष फराळ थोडा कमी करा आणि भाऊबीज आटोपून निघा. रात्री थंडी कडक असते, स्वेटर आणि कानटोपी हवीच. पण उंचीची धास्ती नको. तळं सुमारे 1,938 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीनेकशे मीटर वर. एवढ्याने कुणाला धाप लागत नाही, फार तर जिना चढताना जरा थांबावं लागतं.

जुलै ते सप्टेंबर संपेपर्यंत मात्र जाऊ नका. खोल्या स्वस्त मिळतात म्हणून तर मुळीच नको. इथले डोंगर ठिसूळ आहेत. 18 सप्टेंबर 1880 रोजी, दोन-तीन दिवसांच्या संततधारेनंतर, शेर का डांडा या डोंगराची कड सुटली आणि 151 माणसं गाडली गेली. देवीचं देऊळही त्यात गेलं, आजचं नयनादेवी मंदिर नंतर बांधलेलं. आज मुलं जिथे क्रिकेट खेळतात आणि आपण भेळ खात उभे राहतो, ते फ्लॅट्सचं सपाट मैदान त्या दरडीच्या मातीमुळे वाढलं. हे जुनं झालं म्हणाल तर 2018 मध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात खचला आणि ऑगस्ट 2024 मध्ये टिफिन टॉपवरची डोरोथी सीट दरडीबरोबर गेली. तुमच्या पॉइंटच्या यादीत ती अजून असेल तर खोडून टाका. ऑक्टोबरचीही हमी देता येत नाही. 2021 मध्ये ऐन ऑक्टोबरात इतका पाऊस झाला की तळं भरून रस्त्यावर आलं आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. निघायच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहा, आणि परतीच्या तिकिटात एक दिवस सैल ठेवा.

आता तळ्याबद्दल. बहुतेकांना माहीत नसतं की हे तळं म्हणजे गावाचा पाणवठा आहे. ज्या पाण्यावर आपण पेडलची बदकं फिरवतो, तेच पाणी शुद्ध होऊन गावातल्या नळांना जातं. हॉटेलात तुम्ही तोंड धुता, आंघोळ करता, ती याच पाण्याने. तळं मोठं म्हणावं तर जेमतेम दीड किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटरही रुंद नाही. त्याच्याभोवती आज एक शहर आहे, हायकोर्ट आहे, आणि हंगामात रोज हजारो पाहुणे.

पाणी येतं कुठून? थोडं थेट पावसाचं, थोडं जमिनीखालून. वरच्या अंगाला सूखाताल नावाची खोलगट जागा आहे. पावसाळ्यात ती भरते, मग कोरडी पडते, आणि मुरलेलं पाणी जमिनीखालून नैनी तळ्यात उतरतं. दिसायला ते तळं वाटत नाही, म्हणून तिथे राडारोडा पडत गेला, घरं उठली. डोंगरावरची बांजची, म्हणजे ओकची, झाडंही पाणी धरून ठेवतात. ती तुटून इमारती झाल्या की पावसाचं पाणी मुरायच्या ऐवजी धावत खाली येतं, येताना माती घेऊन येतं. 2017 च्या उन्हाळ्यात तळं इतकं आटलं होतं की काठाला कोरडी जमीन उघडी पडली. तळाशी प्राणवायू कमी पडू लागला म्हणून 2007 पासून नळ्यांनी खालून हवा सोडतात. नावेतून पाण्यावर बुडबुडे दिसले तर मासे समजू नका, तो तळ्याला लावलेला ऑक्सिजन आहे.

1880 च्या दरडीनंतर इंग्रजांनी डोंगरांवरून नाल्यांचं जाळं बांधून काढलं, पावसाचं पाणी जमिनीत जिरून कडे सुटू नयेत म्हणून. ते नाले उतरतात थेट तळ्यात. म्हणजे वरच्या बाजारात तुमच्या मुलाच्या हातून सुटलेलं वेफर्सचं पाकीट पुढच्या सरीबरोबर तळ्यात पोचतं. आपल्या आज्या पाणवठ्यावर चप्पल काढून जायच्या. तेवढं कुणी मागत नाही. पण पाण्याची बाटली घरून न्या आणि हॉटेलात भरून घ्या, कचरा खिशात ठेवा, आणि खोलीतला नळ सोडून दात घासू नका. तळ्यातल्या माशांना ब्रेड टाकायची हौस असते अनेकांना. नका टाकू. त्या पिठाचं ओझं पाण्यालाच होतं.

या गावाच्या अगदी सुरुवातीच्या पाहुण्याचीही गोष्ट ऐकून ठेवा, गंमत आहे. शाहजहानपूरकडचा बॅरन नावाचा साखरेचा व्यापारी 1841 मध्ये इथे पोचला आणि ‘पिलग्रिम’, म्हणजे यात्रेकरू, या टोपणनावाने त्याने प्रवासवर्णन लिहिलं. डोंगरातले लोक तळं देवीचं मानायचे. सतीचा डोळा इथे पडला, अशी श्रद्धा. बॅरनने खालून एक नाव आणवली, या जमिनीवर हक्क सांगणाऱ्या स्थानिक प्रमुखाला तिच्यात बसवून पाण्याच्या मधोमध नेलं, आणि सही करतोस की बुडवू, असं विचारलं. त्याला पोहता येत नव्हतं. अशी हकीकत सांगतात. त्यात तिखटमीठ किती ते देव जाणे, पण नैनितालच्या पर्यटनाचा श्रीगणेशा नौकाविहारानेच झाला एवढं खरं.

नावेत तुम्हीही बसा, पण पेडलच्या बदकात नको, वल्ह्याच्या नावेत. दर पालिकेने ठरवून दिलेले असतात, फलक वाचा, घासाघीस करून त्या माणसाचा दिवस खराब करू नका. लाइफ जॅकेट गबाळं दिसतं म्हणून फोटोपुरतं काढणारे महाभाग मी पाहिलेत. पाणी सर्वांत खोल जागी सुमारे सत्तावीस मीटर आहे. आणि नाववाल्याला ‘ए भैया’ म्हणून हाक मारण्यापेक्षा ‘दाज्यू’ म्हणा. कुमाऊंनीत दाज्यू म्हणजे दादा. पुढचा अर्धा तास तो आपण होऊन बोलत राहील.

गाडीचं म्हणाल, तर दिल्लीहून टॅक्सी करून थेट तळ्यापर्यंत जायचा हट्ट सोडा. हंगामात शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या गावाबाहेर अडवतात आणि पुढे शटलने पाठवतात. तोवर तासन्‌तास रांगेत बसायचं, पोरं ओकणार, मोठी माणसं चिडणार. त्यापेक्षा दिल्लीहून काठगोदामची रेल्वे धरा. रात्रीचीही मिळते, सकाळची शताब्दीही आहे. काठगोदाम म्हणजे रुळांचा शेवट, पुढे डोंगर. तिथून नैनिताल पस्तीसेक किलोमीटर, बस किंवा शेअर टॅक्सीने. वळणं भरपूर, निघताना पोटभर खाऊ नका आणि आवळासुपारी जवळ ठेवा.

उतरायचं ते तल्लीतालला. तल्ली म्हणजे खालची, मल्ली म्हणजे वरची. तळ्याची खालची आळी आणि वरची आळी, एवढाच अर्थ. दोन्हींच्या मध्ये एका काठाने मॉल रोड जातो, दुकानांचा, गर्दीचा. समोरच्या काठाने ठंडी सडक. तिथे गाड्या नाहीत, झाडांची सावली आहे, वाटेत पाषाणदेवीचं छोटं देऊळ आहे. पूर्ण फेरी तीन-साडेतीन किलोमीटरची, बरीचशी सपाट. गुडघे दुखणाऱ्या मावशीसुद्धा बसत-उठत सहज करतात, आणि नाहीच जमलं तर मॉल रोडवर रिक्षा मिळते. ठंडी सडकेवरचा एखादा भाग दरडीमुळे बंद असला तर फलक मोडून पलीकडे जाऊ नका.

मुक्काम वाढवा, निदान तीन रात्री राहा म्हणतो, ते या फेरीसाठी. सकाळी सहाला पाणी काळपट असतं, ऊन डोंगराच्या मागून उतरलं की हिरवं होतं, आणि दुपारी वारा सुटला की त्याच्यावर काटा येतो. हे पंधरा मिनटांत उरकत नाही. दम असेल त्यांनी एका पहाटे नैना पीक चढावं, 2,600 मीटरच्या वर, आणि तिथून खाली पाहिलं की तळं किती लहान आहे ते एकदाच नीट कळतं. सात पॉइंटांपैकी निम्मे म्हणजे रस्त्याकडेची चहाची टपरी आणि एक कठडा. सोडून दिलेत तर काही बिघडत नाही. कैंची धामला नीम करोली बाबांच्या दर्शनाला जायचं असेल तर मधल्या वारी आणि उजाडता उजाडता. एरवी भवालीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत दर्शन होतं ते पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटचं. कॉर्बेटच्या वाघांच्या गोष्टी वाचून मोठे झालेल्यांनी एक दिवस कालाढूंगीला काढावा. त्याचा जन्म 1875 चा, नैनितालचा, पण हिवाळ्यातलं घर कालाढूंगीत, आणि तिथे आता संग्रहालय आहे.

जेवणाबद्दल एक विनंती. चार दिवस वरणभात आणि पुरणपोळी नसली तर कुणी वाळत नाही. आणि गंमत अशी की कुमाऊंचं ताट आपल्याला परकं नाहीच. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी. गहतची डाळ म्हणजे कुळीथ, कोकणातल्या माणसाला वासावरून ओळखू येईल. भट म्हणजे काळं सोयाबीन, त्याची चुडकानी भातावर ओतून घ्या. सोबत बटाट्याचे गुटके आणि मोहरी वाटून घातलेलं काकडीचं रायतं, नाकात जाणारं. मॉल रोडच्या चकचकीत हॉटेलांच्या कार्डावर हे बहुधा नसतं. बाजारातल्या लहान खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं की करून देतात.

घरी न्यायची ती कुमाऊंची बाल मिठाई शेवटच्या दिवशी घ्या, ताजी. काठगोदामची गाडी रात्रीची असली तरी दुपारचं जेवण झाल्यावर लगेच निघा. खाली उतरताना एक ट्रक आडवा झाला की अख्खा घाट थांबतो. लवकर पोचलात तर फलाटावर बाकं आहेत, चहा आहे, आणि रूळ जिथे संपतात तिथपर्यंत मुलांना चालत नेऊन आणता येतं.