पुरुष शिक्षक मोजायचे म्हणजे काय करायचं?

शुक्रवारी जेवताना टीममधल्या एका मित्राने लॅपटॉपवर आलेख दाखवला. निम्न माध्यमिक स्तरावरचे पुरुष शिक्षक, भारत विरुद्ध फिनलंड. आपला खांब स्क्रीनबाहेर चाललेला, त्यांचा जेमतेम दिसतोय. "बघ, आपल्याकडे मास्तरांची कमी नाही, लोक उगाच बोंब मारतात!" इति मित्रवर्य.

५५ लाखांचा देश आणि १४० कोटींचा देश. हे तर शेंबड्या पोरालाही कळेल, सोडून देऊ. गंमत पुढे आहे.

निम्न माध्यमिक म्हणजे नक्की काय? फिनलंडमध्ये सातवी ते नववी, भारतात सहावी ते आठवी. आणि महाराष्ट्रात? आपला जुना हिशोब चौथी-सातवी-दहावी. जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत चौथीला नाहीतर सातवीला संपते, आठवीला पोरं हायस्कुलात. तिथले गणिताचे सर सकाळी आठवीवर, दुपारी दहावीवर. त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार? कॉलमचं नाव सारखं दिसलं म्हणून कुणी दोन टेबलं जोडली तर रिव्ह्यूत आपण त्याला सोलून काढतो. इथे मात्र सगळं माफ!

आता हाच आकडा नंदुरबारला न्या. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी, साक्षरता ६४ टक्के. शहाद्याच्या सपाटीवर बसने शाळेत जाणारे सर आणि अक्राणीत सातपुड्याचा घाट चढून जाणारे सर, आलेखात दोघेही १. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर बोटीनेच जावं लागतं. तिथले सर, पोचले किंवा नाही पोचले, तरी १ च.

भाषेचं तर विचारूच नका. घरी पावरी किंवा भिली बोलणारं पोर, समोर मराठी पुस्तक, आणि सरांना पोराची बोली येत नाही. फिनलंडमध्ये सामी लोकांच्या प्रदेशात सामी येणाऱ्या मुलांना मुख्यत्वे सामीतूनच शिकवावं असं त्यांचा कायदा सांगतो. तुलनाच करायची तर ही करा की राव.

आणि पुरुषच का? एकूणातून बाया वजा केल्या की उरले ते पुरुष, एवढंच त्या आकड्याचं मूळ. सहावी ते आठवी म्हणजे मुलींचं अकरा ते चौदा वय. पाळी याच वयात सुरू होते. निवासी आश्रमशाळेत त्या पोरीने पोटात दुखतंय हे कुणाला सांगायचं? माझ्या मते तिथे पुरुष शिक्षकांचा खांब उंच असणं ही मिरवायची गोष्ट नाहीच. त्यात माझा मित्र दोन मुलींचा बाप!

बरं, मोजायचंच असेल तर माप आपल्याच घरात पडलंय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक. म्हणजे विचारायचं शाळेगणिक. विज्ञान-गणिताला कुणी आहे का? बाई आहेत का? मुलांची बोली येते का? मित्राला म्हटलं, अक्राणी तालुक्यापुरता हा तक्ता बनव, फिनलंड नंतर बघू. तो म्हणाला, "यात आलेख नीट दिसणार नाही रे."