पाइप बारीक केल्याने दाब वाढत नाही

'ठिबकला जोर येत नसेल तर पुढचा पाइप बारीक करा', हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला शेतकऱ्याला खड्ड्यात घालणारा आहे.

वाहत्या पाण्याची ऊर्जा उंची, दाब आणि वेग या तीन रूपांत असते. वेग वाढला की तेवढा दाब घटतो. बर्नुली या शास्त्रज्ञाने हे 1738 साली मांडले. आमच्या देऊळगाव राजा भागात बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये ते रोज दिसते. ठिबकमधून खत सोडणाऱ्या व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यात पाणी वेगाने धावते, तिथला दाब हवेच्या दाबाखाली जातो आणि बादलीतले विद्राव्य खत बारीक नळीतून आपोआप वर चढते. गळ्यात दाब वाढत असता तर उलट पाणीच बादलीत उतरले असते! मुख्य पाइपवरचा वॉल्व्ह थोडा आवळून दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पाडावा लागतो, नाहीतर खत ओढलेच जात नाही.

नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, हा त्या पत्रलेखकांचा दाखला खरा आहे. पण तिथे पाणी कमी वाहते, म्हणून मागच्या नळीत घर्षण घटते आणि वाचलेला दाब तोंडाशी वेगात बदलतो. लांबलचक पाइपचे तसे नाही. दोन इंचीऐवजी एक इंची टाकून तेवढेच पाणी न्यायचे तर वेग चौपट आणि घर्षणाचा तोटा सुमारे तीसपट होतो. शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचणार कसे?

जोर हवा असेल तर टाकी उंचावर घ्या, दर 10 मीटरला सुमारे 1 किलो दाब मिळतो. त्याआधी फिल्टर धुऊन पाहा.

– एक शेतकरी वाचक, देऊळगाव राजा, जि. बुलडाणा