जीव वाचावा, कूसही राहावी

दादरहून हिंदमाता ओलांडून परळच्या बाजूस निघाले की एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर तीन मोठी रुग्णालये लागतात. के.ई.एम. व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही १९२६ सालची, तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालचे. एका दाराशी अपत्याची आशा, दुसऱ्या दाराशी कर्करोगाची धास्ती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली देशातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली ती के.ई.एम.मध्येच. ही दारे इतकी जवळ असूनही कर्करोग आणि मातृत्व हे दोन शब्द एकत्र उच्चारण्यास आपला समाज अद्याप धजत नाही.

अंडाशयाचा कर्करोग हे मुख्यत्वे उतारवयातील स्त्रियांचे दुखणे, ही समजूत चुकीची नाही. परंतु जननपेशींपासून उद्भवणारी काही विरळा अर्बुदे नेमकी शाळा-कॉलेजच्या वयातील मुलींना गाठतात. पोट दुखते, फुगते; घरची मंडळी ते पाळीचे दुखणे समजून दिवस घालवतात. यांतील काही प्रकार एकेकाळी हमखास जीवघेणे ठरत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिसप्लॅटिन हे औषध हाती आले आणि चित्र पालटले. आज यांतील बहुसंख्य मुली बऱ्या होतात. शिवाय ही गाठ बहुधा एकाच बाजूस असते. त्यामुळे तेवढाच अंडाशय काढून दुसरा अंडाशय व गर्भाशय राखता येतात. औषधोपचार संपल्यावर बहुतेकींची पाळी पूर्ववत होते आणि कित्येकींनी पुढे निरोगी अपत्यांना जन्मही दिला आहे.

मग अडते कोठे? घाईत आणि संकोचात. आल्फा-फीटोप्रोटीन, एच.सी.जी. यांसारख्या रक्तचाचण्यांवरून गाठीच्या जातीचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वी बांधता येतो. ते न करता ‘सगळेच काढून टाकू’ असे ठरले, तर गेलेले परत येत नाही. दुसरीकडे, पुढे लग्न जमणार नाही या भीतीने आईबाप दुखणेच लपवतात, आणि त्या लपवाछपवीत मोलाचा काळ निघून जातो.

प्रत्येक अर्बुदात कूस राखता येईलच असे नाही. जीव आधी, याविषयी दुमत असू नये. परंतु हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, आणि तोही शस्त्रक्रियेच्या आधी. दोन्ही अंडाशय काढणे अटळ असेल आणि रोग थोडी उसंत देत असेल, तर स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याचा मार्गही मुलीपुढे मांडला जावा. हे सारे चर्चेत आले होते, याची नोंद केसपेपरवर राहावी. शिक्षिकांनीही वर्गातील मुलीची पोटदुखी हसण्यावारी नेऊ नये.

या निर्णयात वडील, काका, मामा सारे बोलतात. गप्प असते ती केवळ जिचे शरीर आहे ती मुलगी. कूस राखावयाची ती तिच्या इच्छेखातर, कोणाच्या वंशाखातर नव्हे. आणि ती राखता आली नाही, तरी त्या मुलीचे मोल तसूभरही कमी होत नाही. हे सांगण्याचे काम मात्र डॉक्टरांचे नाही. ते आपले आहे.