आठ सेकंदांची कमाई

हॉकीच्या शूटआउटमध्ये आक्रमक २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन सुटतो आणि त्याला आठ सेकंद मिळतात. समोर एकटा गोलरक्षक. ६ डिसेंबर २०१७ रोजी भुवनेश्वरच्या हॉकी वर्ल्ड लीगमध्ये बलाढ्य बेल्जियमसमोर असा एकटा उभा होता आपल्या यवतमाळचा आकाश चिकटे. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, शूटआउट भारतानं ३-२ जिंकलं. आकाश पुढे सरसावायचा, कोन बंद करायचा, समोरच्याला बाजूला रेटत न्यायचा आणि वेळ संपवायचा. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये मुख्य गोलरक्षक श्रीजेश जायबंदी असताना कुआंतानला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीची पाकिस्तानविरुद्धची अंतिम लढतही त्यानंच सांभाळली होती.

बेल्जियमवरच्या विजयानंतर पुढच्याच वर्षी सगळं थांबलं. उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरला, दोन वर्षांची बंदी आली. पायाच्या दुखण्यावरच्या उपचारातून ते घडलं, हेतू नव्हता, हे सुनावणी घेणाऱ्या समितीनं मान्य केलं; पण शरीरात काय जातं याची जबाबदारी नियमानं खेळाडूचीच असते. खेळाडूची उमेदीची वर्षं मुळातच मोजकी. त्यातली दोन गेली की किती गेलं, हे खेळणाऱ्यालाच कळतं.

या अंकात आम्ही जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या कारकिर्दीवर लिहीत आहोत. पदकांचे सत्कार आपण हौसेनं करतो. औषधाच्या चिठ्ठीवर नजर ठेवणारा क्रीडावैद्य, दुखापतीनंतरची देखभाल, खेळ सुटल्यावरची नोकरी यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आम्हाला त्याबद्दलच बोलायचं आहे.