अप्पा पुढं, मी मागं

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी रांगोळ्या असतात, फिशपाँड असतो, भेळेचा स्टॉल असतो. गेल्या वेळी मात्र बी.ए.च्या मुलांच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. "मॅडम, लोकांना सिनेमा दाखवायचा नाही, त्यातून चालवत न्यायचं!"

सिनेमा ठरला संदीप सावंत यांचा 'श्वास', २००४ सालचा. छोट्या परशाच्या डोळ्यांना कॅन्सर झालाय. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा कुणाला न सांगता त्याला दवाखान्याबाहेर काढतात आणि डोळे भरून जग दाखवून आणतात.

मुलांनी वर्गखोली काळ्या कापडानं झाकली. आत जायच्या वाटेला दोन वळणं दिली, म्हणजे पडदा हलला तरी उजेड शिरत नाही. धरायला कंबरेच्या उंचीवर सुंभाची दोरी बांधली. आत फिनेलचा वास, स्ट्रेचरचा खडखडाट, कुणाचं तरी रडणं. मी आत जाऊन आले आणि म्हटलं, "अरे, हा तर भुताचा बंगला झाला! आजोबा परशाला घाबरवतात की जग दाखवतात?"

मग एका मुलीनं तोडगा काढला. खोल्या दोन करायच्या. पहिली उजेडाची. तिथं पितळी घंटा, ओल्या वाळूचं घमेलं, कढीपत्त्याची डहाळी, पोत्यातली ज्वारी. बघा, हात लावा, वास घ्या. दुसरी अंधाराची. तिथं याच वस्तू पुन्हा भेटणार. वास दोन-तीनच आणि लांब लांब ठेवले, कारण बंद खोलीत ते एकमेकांत मिसळतात.

जर्मनीत अँड्रियास हाइनेके यांनी १९८८ मध्ये 'डायलॉग इन द डार्क' हे प्रदर्शन सुरू केलं. त्यात अंध वाटाडे डोळसांना काळोखातून नेतात. आमचा एक अंध माजी विद्यार्थीही आनंदानं वाटाड्या झाला. तो दोन्ही भाषांत सांगायचा, "हळू, पायरी आहे. निधान, मेट्टिलु ऐति."

गॅदरिंगला माझे सासरे, अप्पा आले. माझं माहेर मराठी, अप्पांचं घर कन्नड. उजेडाच्या खोलीत अप्पा टेबलाच्या कडेला धडकले, घंटा खाली पडली. मी मनात म्हटलं, वय झालं.

अंधाराच्या खोलीत मात्र उलटंच झालं. मी दोरी घट्ट धरून बोटभर बोटभर सरकत होते आणि अप्पा केव्हाच पुढं गेलेले. पोत्यात हात घालून त्यांचा आवाज आला, "इदु जोळा!"

बाहेर आल्यावर विचारलं, "अप्पा, तुम्हाला सवय आहे वाटतं?"

ते हसले. "वर्ष झालं, बाजूचं दिसत नाही. तुला कॉलेज, त्याला दुकान. कशाला सांगायचं?"

वाचकहो, मी खाली मान घातली. वर्षभर अप्पांच्या हातून चहाचा कप लवंडायचा आणि मी चिडायची. परशाच्या डोळ्यांवर मुलांना शिकवणारी मी, घरातले डोळे पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. तो बहुतेक वेळा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, म्हणून लवकर कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज नेमानं थेंब घातले तर उरलेली राखता येते. चाळिशी उलटली की डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.

मुलांच्या दालनाला बक्षीस मिळालं नाही. रांगोळीला मिळालं. पण आता आमच्या घरी थेंबांची वेळ चुकत नाही. आणि मी कप अप्पांच्या अगदी समोर ठेवते, वर सांगते, "अप्पा, चहा इल्ली ऐति री."