‘माझे वाचन’ : एका पळवाटेची समीक्षा

मराठीच्या चर्चासत्रांतून आणि मौखिक परीक्षांतून अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते. निबंधातील एखाद्या विधानावर आक्षेप घेतला, की निबंधवाचक शांतपणे म्हणतो, ‘हे माझे वाचन आहे.’ प्रबंधातील निष्कर्षाचा आधार विचारला, की उमेदवार सांगतो, ‘ते माझे मत आहे.’ वरवर पाहता हे वाक्य विनयाचे वाटते. पूर्वी ‘मला असे वाटते’ असे म्हणणारा समीक्षक आपल्या विधानाची मर्यादा सांगत असे आणि त्याचे पुढचे वाक्य बहुधा ‘कारण’ या शब्दाने सुरू होत असे. आता ते ‘कारण’ गळून गेले आहे. जे वाक्य चर्चेच्या प्रारंभी यायचे ते तिच्या अखेरीस येते आणि दार लावून घेते. मत माझे आहे, म्हणून ते मांडण्याचा मला हक्क आहे, इथवर वाद नाही. परंतु मत माझे आहे, म्हणून त्याबद्दल मला कोणी काही विचारू नये, ही मागणी निराळी आहे. आणि आज पहिलीच्या आडून दुसरी पुढे केली जात आहे. हक्क वाढावा आणि उत्तर देण्याची तयारी घटावी, ही आपल्या एकूण सामाजिक जीवनाची जी अवस्था आहे, तिचेच हे वाङ्मयीन रूप होय, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘उत्तरदायित्व’ या शब्दात उत्तर आहे. ‘जबाबदारी’ या शब्दातही जबाब, म्हणजे उत्तरच आहे. ‘जाब विचारणे’ हा रोजच्या बोलण्यातला प्रयोगही त्याच कुळातला. एक घडण संस्कृत, दुसरी अरबी-फारसी. परंतु जबाबदार तो, ज्याला कोणीतरी विचारू शकते आणि जो उत्तर देतो, याबाबत दोन्ही एकमत आहेत. ‘अधिकार’ या शब्दाचा मीमांसेतील अर्थही आजच्या ‘हक्क’ या अर्थाहून वेगळा होता. अधिकारी म्हणजे एखादे कर्म करण्यास पात्र असलेला. त्या शब्दात पात्रता होती, कर्म होते, आणि कर्म पार पाडण्याचे बंधनही होते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. पात्रतेची ही जुनी भाषा वगळण्याचीच भाषा होती. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत अपशूद्राधिकरण नावाचे प्रकरण आहे. तेथे ‘अधिकार’ हा शब्द कोणाला काय मिळणार नाही हे ठरविण्यासाठीच राबविलेला दिसतो. मग ज्यांना हक्काची भाषा बोलण्याची संधी कालपरवा मिळाली, त्यांना आज कर्तव्याचे पाठ देणारे आपण कोण? हा प्रश्न टाळून उत्तरदायित्वाची चर्चा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सत्तेने शिकविलेल्या कर्तव्यांविषयी आपण साशंक असावे हेही खरे. भारतीय संविधानात मूलभूत कर्तव्ये आली ती १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, हे विसरण्याजोगे नाही.

परंतु हक्कांच्या लढ्याचा इतिहास नीट पाहिला तर आक्षेपाचे उत्तर तेथेच सापडते. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ग्रंथकारसभेस येण्यास नकार दिला. तो नकार देऊन ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पत्र लिहिले, कारणे दिली, आणि सर्वांस मानवी हक्क देण्यास जे तयार नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आपले नाते काय, असा जाब त्या काळच्या प्रतिष्ठित ग्रंथकारांना विचारला. महाडचे उदाहरण याहून बोलके आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. हक्क कागदावर होताच. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासमवेत गेलेल्या हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा तो कागदावरून उतरून व्यवहारात आला. त्यानंतर तळे खाजगी असल्याचा दावा दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ साली लागला. दहा वर्षे या चळवळीने पुरावा दिला, युक्तिवाद केला, प्रतिपक्षाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. ‘हे आमचे मत आहे’ एवढे म्हणून ती थांबली असती, तर तळे होते तसेच राहिले असते. हक्क मागणाऱ्याला जाब विचारता येतो आणि द्यावाही लागतो, हे ज्यांनी दाखवून दिले त्यांच्या नावाने आजच्या बेजबाबदारपणाचे समर्थन करता येणार नाही.

व्यक्ती या संकल्पनेविषयीही असाच घोटाळा आहे. १९७५ साली कराडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा त्या एकट्या व्यक्ती म्हणूनच बोलल्या, आणि पुढे कारावासही त्यांनी भोगला. जे उच्चारले त्याच्या परिणामांशी त्या बांधलेल्या राहिल्या. हा व्यक्तिवादच आहे. मात्र त्यात व्यक्ती आपल्या शब्दामागे उभी असते. आपल्या समीक्षेत बोकाळलेल्या व्यक्तिवादात व्यक्ती शब्दाच्या आड लपते. दोहोंना एकच नाव देणे हा पहिल्यावर अन्याय आहे.

आता या पळवाटेला जो सैद्धान्तिक आधार दिला जातो त्याकडे वळू. आपल्या वर्गांतून रोलां बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा १९६७-६८ मधील निबंध असा शिकविला जातो, की लेखक गेला, आता ज्याचा त्याचा अर्थ ज्याला त्याला मोकळा. वस्तुतः बार्थचा वाचक हा कोणी व्यक्तिविशेष नव्हेच. त्याला इतिहास नाही, चरित्र नाही, मानसशास्त्र नाही. संहितेतील सारे धागे जेथे एकत्र येतात अशी ती एक जागा आहे. लेखकाच्या ‘मी’ला सिंहासनावरून उतरविणाऱ्या निबंधाचा आधार घेऊन आपण तेथे वाचकाच्या ‘मी’ची स्थापना केली. मिशेल फूकोने १९६९ साली लेखक या संकल्पनेचा विचार करताना दाखविले, की ग्रंथांना लेखकाचे नाव चिकटले ते लेखकाला शिक्षा करणे शक्य झाले तेव्हा. नाव आणि उत्तरदायित्व यांचा संबंध त्याने इतिहासातून पुढे आणला; आपण त्याच्याकडून नाव पुसण्याची युक्ती तेवढी उचलली. सार्त्रच्या बाबतीतही तेच. १९४५ च्या पॅरिसमधील व्याख्यानात त्याने आग्रहाने मांडले होते, की स्वतःसाठी निवड करणारा माणूस त्याच निवडीने साऱ्या मानवजातीसाठी निवड करीत असतो. साठोत्तरी मराठी साहित्यविचाराने अस्तित्ववादातून एकाकीपण घेतले, परात्मता घेतली, निरर्थकतेची जाणीव घेतली. निवडीचे ओझे मात्र बहुधा सीमेवरच उतरवून ठेवले. आणि ज्या बाख्तिनची बहुस्वरता आपण प्रत्येक कादंबरीवर चिकटवितो, त्याचा १९१९ मधील पहिला प्रकाशित लेख कला आणि उत्तरदायित्व याच विषयावर होता, याचे स्मरण किती प्रबंधांत आढळते?

सिद्धान्त निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नाही. पॉल द मान या थोर समीक्षकाने जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये तरुणपणी सहयोगवादी वृत्तपत्रांत लिहिलेले लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ साली उजेडात आले. तेव्हा भाषा अर्थ निश्चित करू देत नाही, हा त्याच्या विचाराचा गाभा काही अनुयायांनी त्या लेखांच्या बचावासाठी वापरून पाहिला. संहिता अनिश्चित असते हे मान्य केले, तरी त्या लेखांखालील सही अनिश्चित नव्हती. अर्थाची अनिश्चितता हे समीक्षकाच्या जबाबदारीचे कारण आहे. अर्थ आधीच ठरलेला असता, तर वाचनाची जबाबदारी कोणावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

विद्यापीठीय व्यवस्थेला या ऱ्हासाची कल्पना नाही असे नव्हे. तिने त्यावर उपाय योजला. परंतु जाबाच्या जागी तिने हिशेब आणला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या कार्याला गुणांक लावले. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी झाली. २०२५ मध्ये ती बंदही झाली. वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या नियमांनी साम्याच्या टक्केवारीनुसार पायऱ्या ठरविल्या : दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, चाळीसपर्यंत दुरुस्ती करून प्रबंध पुन्हा सादर करावयाचा, साठपर्यंत एक वर्ष सादरीकरणास बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. चोरी पकडली जावी यात दुमत नाही. परंतु यंत्र साम्य मोजते; ‘कशावरून?’ असे ते विचारत नाही. ज्या प्रबंधात एकही विधान स्वतःच्या जोखमीवर केलेले नाही, तो या चाळणीतून निष्कलंक बाहेर पडतो. हिशेब चोख आणि जाब शून्य, अशी ही अवस्था आहे.

आणि आता स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी बहिःस्थ परीक्षक म्हणून एक प्रबंध माझ्याकडे आला. ग्रामीण कादंबरीवर होता. कादंबऱ्यांचे कथानक सांगून झाल्यावर प्रत्येक प्रकरणाअखेर ‘असे संशोधकास वाटते’ हे वाक्य होते. का वाटते ते कोठेही नव्हते. निवडलेल्या कादंबऱ्यांपैकी एक तरी संशोधकाने पूर्ण वाचली असेल काय, अशी शंका मला आली. मौखिक परीक्षेत मी दोन प्रश्न विचारले. उमेदवाराने ‘ते माझे वाचन आहे, सर’ असे उत्तर दिले. मार्गदर्शकांनी घड्याळाकडे पाहिले. बाहेर उमेदवाराचे आईवडील पेढे घेऊन थांबले होते. मी अनुकूल अहवालावर सही केली. त्या दिवशी मी स्वतःला दयाळू समजलो. वस्तुतः मी त्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्यायोग्य मानले नाही, आणि यापेक्षा मोठा अवमान अध्यापक करू शकत नाही. ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही, त्याला आपण समान मानलेले नसते. तो प्रबंध आज ग्रंथालयात आहे. त्यातील विधाने पुढच्या प्रबंधांत संदर्भ म्हणून येतील आणि त्यांच्यामागे माझी सही असेल.

म्हणून हा लेख विद्यार्थ्यांविरुद्ध नाही. ‘माझे वाचन’ ही ढाल त्यांच्या हाती आम्ही दिली, कारण ती आम्हालाही सोयीची होती. ज्याला प्रश्न विचारायचा नाही, त्याला पुढे आपल्यालाही प्रश्न विचारता येत नाही. असा हा परस्पर अभयदानाचा करार आहे. त्यात नुकसान होते ते करारात नसलेल्याचे : ज्या संहितेविषयी आपण बोलतो तिचे, आणि ज्या वाचकाला समीक्षेखेरीज त्या संहितेपर्यंत पोचण्याची वाट नाही त्याचे. साहित्याचे शिक्षण घेणारी पहिलीच पिढी आज अनेक घरांतून आमच्या वर्गात येऊन बसली आहे. तिला मत असण्याचा हक्क आहे, हे तिला सांगावे लागत नाही. ते मत सिद्ध करण्याची साधने तिला आमच्याकडून मिळायला हवीत. ती न देता केवळ मताचे कौतुक करणे, म्हणजे तळ्याचा ठराव करून पाणी न देणे होय.

उपाय मोठा नाही. प्रत्येक मौखिक परीक्षेत, प्रत्येक चर्चासत्रात ‘हे माझे वाचन आहे’ या वाक्यानंतर थांबावे आणि ‘कशावरून?’ असे विचारावे. आणि विचारणाऱ्याने आपल्यालाही तसे विचारले जाईल, हे गृहीत धरावे. प्रस्तुत लेखातील विधानांबाबतही वाचकांनी तसेच करावे. उत्तर देण्यास मी बांधलेला आहे.