गेलेले आमदार

चौदावी विधानसभा, म्हणजे ऑक्टोबर २०१९ मधे आपण निवडून दिली ती, हा विषय काढला की ऑफिसच्या कँटीनमधे दोन मिनिटांत गट पडतात. गद्दार, खोके, पहाटेचा शपथविधी, पाठीत खंजीर... शब्द सगळे ठरलेले. (तो शपथविधी सकाळी आठच्या सुमारास झाला होता. आठला पहाट म्हणणारं राज्य बहुतेक आपलं एकटंच.) म्हणून ह्या विकेंडला ठरवलं, विशेषणं बाजूला ठेवायची आणि नुसता हिशोब मांडायचा. कोण सभागृहात होतं, कोण खुर्चीवर होतं, आणि पाच वर्षांत मतदाराला किती वेळा विचारलं गेलं.

सुरुवातीचे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. जागा २८८. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बाकीचे छोटे पक्ष आणि अपक्ष. निकाल २४ ऑक्टोबरला लागला, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ ला फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतली, २६ ला राजीनामा दिला, २८ ला उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर मुख्यमंत्री झाले. ३० तारखेला १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव पास झाला. हे सगळं एका महिन्यात. माझ्या एका प्रोजेक्टची रिक्वायरमेंटसुद्धा ह्यापेक्षा हळू बदलली होती.

नंतर जून २०२२. सुरत, गुवाहाटी, २९ जूनला ठाकऱ्यांचा राजीनामा, ३० ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री. (पुढचे चाळीस दिवस ह्या राज्याचं मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं.) मग २ जुलै २०२३ ला अजित पवार आठ सहकाऱ्यांसह सरकारात. म्हणजे एकाच सभागृहात अजित पवार आधी तीन-चार दिवस फडणवीसांचे उपमुख्यमंत्री, मग अडीच वर्षं ठाकऱ्यांचे उपमुख्यमंत्री, मग वर्षभर शिंद्यांच्या विरोधातले विरोधी पक्षनेते, आणि मग शिंद्यांचेच उपमुख्यमंत्री. फडणवीसांचा प्रवासही असाच: मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते, उपमुख्यमंत्री. चार मोठ्या पक्षांपैकी प्रत्येक पक्ष, निदान त्याचा एखादा तुकडा, ह्या पाच वर्षांत दोन्ही बाजूंच्या बाकांवर बसून आला.

आता माझा मुद्दा. ह्या सगळ्या उलथापालथीत मतदाराला किती वेळा विचारलं? मी यादी केली. पंढरपूर (एप्रिल २०२१), देगलूर (ऑक्टोबर २०२१), कोल्हापूर उत्तर (एप्रिल २०२२), अंधेरी पूर्व (नोव्हेंबर २०२२), आणि फेब्रुवारी २०२३ मधे आमचं कसबा आणि शेजारचं चिंचवड. सहा पोटनिवडणुका. भारत भालके, रावसाहेब अंतापूरकर, चंद्रकांत जाधव, रमेश लटके, मुक्ता टिळक, लक्ष्मण जगताप. सहाच्या सहा वेळा कारण एकच, आमदाराचं निधन.

मराठीत 'गेला' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एका अर्थाने सहा आमदार गेले आणि सहा मतदारसंघांत पुन्हा मतदान झालं. दुसऱ्या अर्थाने आधी शिवसेनेचे चाळीस गेले, मग राष्ट्रवादीचे चाळीसच्या आसपास गेले, आणि मतदान शून्य ठिकाणी झालं.

कसब्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सदाशिव पेठेत राहतो आणि तो बूथ माझाच होता. गिरीश बापट इथून १९९५ पासून सलग पाच वेळा आमदार. २०१९ ला ते खासदार झाले आणि विधानसभेला मुक्ता टिळक आल्या, अठ्ठावीस हजारांच्या आसपास फरकाने. पेठेत ही बातमीच नव्हती. इथे निकाल मतदानाआधी माहीत असायचा. जून २०२२ मधे राज्यसभेच्या निवडणुकीत मत द्यायला मुक्ताताई गंभीर आजारपणात ॲम्ब्युलन्समधून पुण्याहून मुंबईला गेल्या, चिंचवडचे लक्ष्मण जगतापही तसेच गेले. पक्षासाठी एवढं करणारी माणसं त्या सभागृहात होती, हेही नोंदवलं पाहिजे. २२ डिसेंबर २०२२ ला त्या गेल्या. पोटनिवडणुकीत टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही, ह्यावर पेठेत घरोघर चर्चा. चिंचवडला मात्र जगतापांच्या पत्नीला दिलं. आजारी बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून प्रचाराला आले. २ मार्च २०२३ ला निकाल लागला आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासनेंना सुमारे अकरा हजारांनी हरवून निवडून आले. मतदान जेमतेम निम्मं झालं होतं. पुढे नोव्हेंबर २०२४ ला रासन्यांनी धंगेकरांना हरवून जागा परत घेतली.

ह्यात कोण चांगलं, कोण वाईट हा माझा विषय नाही. विषय असा की आठ-नऊ महिन्यांपूर्वी राज्यात सरकार बदललं होतं आणि त्यावर बोलायची संधी आम्हाला मिळाली, ती कुणाच्या तरी मृत्यूमुळे. ज्यांचा आमदार रातोरात गुवाहाटीला पोचला, त्या मतदारसंघांना ती मिळाली नाही. एक आमदार बदलल्याने सरकारचं काहीच बिघडणार नव्हतं, तिथे निवडणूक. चाळीस बदलल्याने सरकारच पडलं, तिथे टीव्ही बघा.

आता कायदा म्हणाल, तर कायदा आहे की! आमच्या पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससी करणारी शेकडो मुलं दहावी अनुसूची तोंडपाठ म्हणून दाखवतील. १९८५ ची ५२वी घटनादुरुस्ती. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, दोन तृतीयांश असतील तर दुसऱ्या पक्षात विलीनीकरण चालेल, इतकंच ठेवलं. (ह्या मुलांची गंमत म्हणजे ती राहतात सदाशिव पेठेत, पण बहुतेकांचं मत गावाकडे, बीडला, परभणीला, सोलापूरला. आणि पेठेतल्या मूळ घरांतली मुलं कोथरूडला नाहीतर न्यू जर्सीला.) पण शिंदे गटाने विलीनीकरण केलंच नाही. ते म्हणाले, आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत. वर्षभराने अजित पवारांनीही तेच म्हटलं. झालं! कायदा विचारतो 'पक्ष कोणी सोडला?' आणि उत्तर येतं 'आधी पक्ष कुठला ते ठरवा.'

खरा कोण हा प्रश्न सदाशिव पेठेला नवा नाही. ज्यांच्या नावाने ही पेठ आहे ते सदाशिवरावभाऊ पानिपतावर गेले आणि काही वर्षांनी एकजण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. लोक त्याच्यामागे जमले, सैन्य जमलं, शेवटी १७७६ साली पेशवाईने त्याला तोतया ठरवून देहदंड दिला. इथे कुठल्याही गटाला तोतया म्हणायचं नाही, गैरसमज नको. मला सांगायचंय ते वेगळंच. असा प्रश्न आला की सगळं निर्णय देणाऱ्यावर येतं. आणि आपल्याकडे निर्णय देणारा कोण? विधानसभा अध्यक्ष. म्हणजे सभागृहातल्या बहुमताने निवडलेला, स्वतः एका पक्षाचा आमदार असलेला माणूस.

त्या खुर्चीचा इतिहास बघा. १ डिसेंबर २०१९ ला नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२१ ला प्रदेशाध्यक्ष व्हायला राजीनामा देऊन मोकळे. तेव्हापासून जुलै २०२२ पर्यंत, जवळपास सतरा महिने, महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता. आघाडीने गुप्त मतदानाचा नियम बदलला, राज्यपालांनी त्यावर आक्षेप घेतला, पत्रापत्री झाली, निवडणूक काही झाली नाही. सरकार बदललं आणि तीच निवडणूक तीन दिवसांत झाली! ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष. नार्वेकर स्वतः शिवसेना, राष्ट्रवादी आणि मग भाजप असे आलेले. त्यांचे सासरे रामराजे नाईक निंबाळकर तेव्हा विधान परिषदेचे सभापती, म्हणजे काही दिवस दोन्ही सभागृहं एकाच घरात.

अध्यक्ष नसताना काम बघत होते उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ. जून २०२२ मधे सोळा आमदारांना अपात्रतेची नोटीस त्यांनीच काढली. वर्षभराने ते स्वतः अजित पवारांबरोबर गेले. आणि ऑक्टोबर २०२४ मधे ह्याच उपाध्यक्षांनी आरक्षणाच्या आंदोलनात मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारली. आत बसून काही होत नाही हे ज्या माणसाला आतलं सगळं माहीत त्यालाच पटलं असेल, तर आपण काय बोलणार?

अपात्रतेच्या अर्जांचं काय झालं ते सांगतो. अर्ज जून-जुलै २०२२ चे. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की बहुमत चाचणीला बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चूक, शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता चूक, पण ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला म्हणून त्यांना परत बसवता येत नाही. अपात्रता अध्यक्षांनी 'वाजवी वेळेत' ठरवावी. आता आमच्या धंद्यात 'वाजवी वेळ' असा टाइमआउट कोडमधे लिहिला तर रिव्ह्यूमधेच हाकलून देतात. आकडा लागतो. इथे आकडा नव्हता, म्हणून कोर्टाला पुन्हा ओरडावं लागलं, तारखा द्याव्या लागल्या, आणि १० जानेवारी २०२४ ला निकाल आला: शिंदे गट हीच शिवसेना, आणि कोणीच अपात्र नाही. ना इकडचे, ना तिकडचे. फेब्रुवारीत राष्ट्रवादीबाबत तसंच. दीड वर्ष खटला चालून गुन्हाच घडला नाही असं कळलं.

ह्याच सभागृहात जुलै २०२१ ला भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. तेव्हा सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मधे ते रद्द केलं आणि म्हटलं की हे हकालपट्टीपेक्षा वाईट, कारण शिक्षा मतदारसंघाला होते: जागा रिकामी होत नाही, पोटनिवडणूक होत नाही, प्रतिनिधीही नाही. किती बरोबर! मग आमदार ज्या चिन्हावर निवडून आला त्याच्या उलट बाजूला जाऊन बसतो तेव्हा शिक्षा कोणाला होते?

ऑफिसमधला एक मित्र लगेच म्हणतो, '२०२४ ला विचारलं ना! शिंद्यांचे ५७ आले, अजितदादांचे ४१. लोकांनी पसंती दिली, विषय संपला.' मुद्दा खरा आहे, आणि तो निकाल मी मानतो. पण त्याच वर्षी जूनमधे लोकसभेला ह्याच राज्याने ४८ पैकी ३० जागा आघाडीला दिल्या होत्या आणि महायुतीला १७. पाच महिन्यांत उत्तर उलटं. मधे लाडकी बहीण आली, महिन्याला १५०० रुपये खात्यात. लोकांनी मन बदललं तर तो त्यांचा हक्क. माझं म्हणणं इतकंच की कधी विचारायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धं उत्तर असतं. जुलै २०२२ ला त्या चाळीस जागांवर विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, हे आता कुणालाच कळणार नाही. कदाचित सगळेच्या सगळे निवडून आले असते. आले असते तर आज कुणी गद्दार म्हणू शकलं नसतं, त्यांचाही फायदाच होता.

कर्नाटकात असं झालंय. २०१९ ला सरकार पाडणाऱ्या सतरा आमदारांना तिथल्या अध्यक्षांनी अपात्र ठरवलं, सुप्रीम कोर्टाने अपात्रता कायम ठेवली पण निवडणूक लढायला मोकळीक दिली. डिसेंबर २०१९ ला पंधरा जागांवर मतदान झालं, भाजपने बारा जिंकल्या. मला ते पाडापाडीचं राजकारण आवडत नाही, पण निदान लोकांना विचारलं. तिथलं सरकार त्यानंतर तरी कुणाच्या मेहेरबानीवर नव्हतं.

खर्चाचं कारण देऊ नका. चाळीस पोटनिवडणुकांचा खर्च आहेच, पण न विचारण्याची किंमत आम्ही पुण्यात मोजली. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर त्या विधानसभेच्या अखेरपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. २९ मार्च २०२३ ला बापट गेले, त्या जागेची पोटनिवडणूक झालीच नाही. हायकोर्टाने घ्या म्हटलं, सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, आणि जून २०२४ पर्यंत पुण्याला खासदार नव्हता. ड्रेनेज तुंबलं, वाड्याचा पुनर्विकास अडकला, तर पेठेतल्या माणसाने जायचं कोणाकडे? एक आमदार होता, तोही पोटनिवडणुकीतून आलेला.

मला काय हवंय? फार नाही. आमदाराला पक्ष बदलायचा असेल तर खुशाल बदलावा, राजीनामा द्यावा, सहा महिन्यांत पुन्हा मतं मागावी. 'आम्हीच पक्ष' असा दावा असेल तरी हेच, कारण तो दावा तपासायला मतदाराइतका चांगला पंच नाही. आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, तीन महिन्यांची मुदत घालून. हे माझ्या डोक्यातलं नाही. मणिपूरच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मधे तीन महिने आणि न्यायाधिकरण, दोन्ही सुचवलं होतं. म्हणजे गुवाहाटीच्या अडीच वर्षं आधी! ३१ जुलै २०२५ ला तेलंगणाच्या दहा आमदारांच्या प्रकरणात कोर्टाने तिथल्या अध्यक्षांना पुन्हा तीन महिनेच दिले, आणि ही व्यवस्था बदलायची का ते संसदेने बघावं असं पुन्हा सांगितलं.

जाता जाता, आमचे धंगेकर मार्च २०२५ मधे काँग्रेस सोडून शिंद्यांच्या शिवसेनेत गेले. पेठेत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मी नाही मुरडलं. ते तेव्हा आमदार नव्हते.